गाडी माझी, नाव त्याचं

सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्यावर गाडी बघायला गेलो, तेव्हा मी इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि मुलीच्या लग्नात शिवलेली पँट घालून गेलो होतो. जुनी गाडी बघायची म्हणजे खाली वाकावं लागतं, हात काळे होतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. माझी सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनजवळ गेली. तरी मी चांगले कपडे घातले. त्याचा मला अजून राग येतो.

गाडी विलायती होती, साठच्या दशकातली. लांब बॉनेट, मागं उतरत गेलेली पाठ, गडद मरून रंग, आत चामड्याच्या सीटा आणि अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. नागपुरात अशा गाड्या आता फारशा उरल्या नाहीत. उरल्यात त्यांची इंजिनं बदलून डिझेलची बसवलेली, नाहीतर झाडाखाली उभ्या राहून कुजलेल्या. ही मात्र जशी आली तशी राखलेली आहे, असं मला वाडीच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं.

ही गोष्ट ऐकली की लोकांना वाटतं, यामागं काहीतरी जुना हिशेब असणार. माझे वडील त्या बंगल्यावर ड्रायव्हर होते का, असं एकानं मला विचारलंसुद्धा. नव्हते. वडील पोस्टात कारकून होते, सायकलनं जायचे, आणि मोटारीत बसलं की त्यांना मळमळायचं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, पुढं घरात सगळे शिकले, मी इंजिनिअर झालो. मला यंत्रं आवडतात. नीट चालणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकला की मला आतून बरं वाटतं. मला गाडी हवी होती त्याचं कारण एवढंच, आणि एवढं पुरायला हवं होतं.

मालक ऐंशीच्या पुढचे. वकिली करून निवृत्त झालेले, एकटे राहणारे. त्यांना सगळे साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणालो. मे महिना होता. गॅरेजच्या दाराला वाळ्याची ताटी लावलेली होती आणि तिच्यावर नुकतंच पाणी मारलेलं होतं.

"आपल्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं," साहेब म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून गाडीला ताटी लावतो आम्ही."

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. सहा सिलिंडर, दोन कार्बुरेटर, आणि आवाज असा की शेजारी उभं राहून हळू बोललं तरी ऐकू यावं.

"मागच्या कार्बुरेटरला पेट्रोल किंचित जास्त जातंय," मी म्हणालो.

साहेबांनी काठी टेकली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "अहो, आमचा मेकॅनिक गेल्या महिन्यात हेच म्हणाला! तुम्ही नुसत्या आवाजावरून सांगितलंत?"

मग काय, गप्पा रंगल्या. मी शर्टासकट गाडीखाली गेलो. चेसिसला गंजाचा ठिपका नव्हता. साहेबांनी मला डिकीतली मूळची हत्यारं दाखवली, प्रत्येक पाना आपापल्या खाचेत. मग व्हरांड्यात कॉफी आली. तरुणपणी या गाडीतून पचमढीला गेले होते, घाटात वडिलांनी गाडी थांबवून इंजिन गार होईपर्यंत सगळ्यांना संत्री सोलून दिली होती, असं बरंच काही ते सांगत होते. मध्येच म्हणाले, "मला गाडी कुणाही पैसेवाल्याला द्यायची नाही. तुमच्यासारखा जाणकार माणूस शोधत होतो."

मला फार आनंद झाला, हे कबूल करायला हवं.

"फोनवर तुमचं आडनाव मला नीट ऐकू आलं नाही," ते म्हणाले.

मी सांगितलं.

"अच्छा. मूळ गाव?"

तेही सांगितलं.

"अच्छा, अच्छा," ते म्हणाले, आणि त्यांनी बिस्किटांची बशी उचलून माझ्यापुढं ठेवली. "घ्या ना आपण. संकोच करू नका."

आतापर्यंत ते मला 'तुम्ही' म्हणत होते, आता 'आपण' म्हणायला लागले. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. उलट ते जास्तच अदबीनं बोलायला लागले. ही अदब मी लहानपणापासून ओळखतो. शिवी दिली तर उलटून बोलता येतं. या अदबीला काय उत्तर देणार? पचमढीची गोष्ट अर्धीच राहिली. आणखी दोघंतिघं गाडी बघून गेलेत, साहेब म्हणाले, विचार करून कळवतो आपल्याला.

कळवलं नाही. आठवडाभरानं मीच फोन केला. "तूर्त विकायचं मनात नाही," साहेब म्हणाले. "आपण तसदी घेतलीत, क्षमा असावी."

आता मित्राबद्दल सांगायला हवं. आम्ही एकाच साली नोकरीला लागलो. खापरखेड्याच्या कॉलनीत आमची क्वार्टर्स शेजारी-शेजारी होती. त्याचं घराणं नागपूरच्या महाल भागातलं, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी आणि शिक्षकी केलेलं. त्याची आई कॉलनीत यायची तेव्हा आमच्या घरी पाणी घ्यायची नाही, हा मात्र त्याच दिवशी मुद्दाम आमच्याकडे येऊन जेवायचा आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं माझ्या बायकोला म्हणायचा, "वहिनी, अजून एक पोळी वाढा." आम्ही सगळे हसायचो. निवृत्तीनंतर आम्ही नागपुरात एकाच ले-आउटमध्ये घरं बांधली. रोज सकाळी सोबत फिरायला जायचो.

फिरताना मी त्याला झालेलं सगळं सांगितलं. तो रस्त्यातच थांबला.

"असं म्हणाला तो म्हातारा?"

"म्हणाला काहीच नाही. तेच तर आहे."

"मी जाऊन पाहतो गा," तो म्हणाला.

रविवारी तो साहेबांकडे गेला आणि दुपारच्या आत परत आला. गेटमधूनच ओरडला, "देतो म्हणे! गाडी देतो!"

त्याचं म्हणणं असं, की गाडी त्याच्या नावावर घ्यायची, पैसे मी द्यायचे. दोनचार महिने गेले की माझ्या नावावर करून टाकायची. म्हाताऱ्याला पत्ताही लागणार नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मित्र गेल्यावर तिनं विचारलं, "जो माणूस तुमाले देत नाही, त्याची वस्तू काहून घेता?"

"वस्तू त्याची नाही. विलायतेतल्या कारागिरांनी बनवलेली आहे."

"मंग विलायतेतून आणा."

"तू चिडून काहून राहिली वं? मित्र करून राहिला ना माझ्यासाठी."

"तेच पाहून राहिली मी," ती म्हणाली आणि आत गेली. ती शाळेत शिकवायची. पोरांना एक धपाटा न घालता गप्प करण्यात तिची ख्याती होती.

गाडी आणायला आम्ही दोघं गेलो. मला वाटलं, साहेब मला बघून चमकतील. ते नुसतं "अच्छा, हेही आलेत" म्हणाले. मी मित्राचा जाणकार म्हणून आलोय असं त्यांना वाटलं असेल, अशी मी समजूत करून घेतली. साहेबांनी किल्ली दोन्ही हातांनी मित्राच्या हातात दिली. त्यांचे डोळे भरून आले होते. गेटबाहेर आल्यावर मित्रानं गाडी थांबवली, खाली उतरला आणि किल्ली मला दिली. "घे बाबा, तुझी अमानत."

मी गाडी अमरावती रोडला घेतली. गोदामांसमोर ट्रकांची रांग लागलेली होती. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून अर्धं बाहेर येऊन विचारलं, "कितने की है, साहब?" मी हसून हात हलवला. स्टिअरिंग एवढं हलकं, की दोन बोटांनी वळावं. मित्र शेजारी बसून सारखा डॅशबोर्डवर हात फिरवत होता. त्या दिवशी आम्ही दोघंही फार खूश होतो, आणि तो आनंद खोटा नव्हता. मी आज कितीही कडू बोललो तरी तेवढं खरं आहे.

गाडी माझ्याच घरी, माझ्याच शेडमध्ये असायची. पेट्रोल, तेल, दुरुस्ती सगळं मी बघायचो. पण पंधरा दिवसांनी मित्र म्हणाला, "घरच्यांचं म्हणणं आहे, रामटेकला नेऊन गाडीची पूजा करावी. सध्या माझ्या नावावर आहे ना, त्यांच्या मनाची शांती."

मी हो म्हणालो. आम्ही दोघं, ते दोघं, असे चौघं गेलो. तिथं त्याचा साडू आणि त्याची माणसं आधीच येऊन थांबली होती. गडाच्या पायथ्याशी मित्राच्या बायकोनं बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी क्रोमवर उडालं. माझी बायको मागच्या सीटवर बसून होती. ती उतरली नाही, आणि कुणी तिला उतर म्हणालंही नाही. मी खिशातला रुमाल काढून क्रोम पुसायला पुढं झालो, तेव्हा साडू मित्राला म्हणत होता, "काय गाडी घेतली गा! राजेशाही!"

मित्र म्हणाला, "हो ना. किती वर्षांपासून मनात होतं."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी क्रोम पुसत राहिलो.

परत येताना गाडी त्यानं चालवली.

त्यानंतर मी ट्रान्सफरचा विषय काढायला लागलो. आधी त्याला कामं होती, मग पितृपक्ष आला, मग मुलाकडे पुण्याला जायचं होतं. मध्येच दर दोनतीन आठवड्यांनी तो माझ्या शेडमधून गाडी काढून सिव्हिल लाइन्सला न्यायचा. साहेबांना गाडी बघावीशी वाटते, म्हातारा माणूस आहे, तेवढं करायला काय हरकत आहे, असं तो म्हणायचा. मी कधी सोबत गेलो नाही. मला कुणी बोलावलंही नाही. माझी गाडी महिन्यातून एक-दोनदा त्या व्हरांड्यासमोर उभी राहायची, आणि मी घरी बसून तिची वाट बघायचो.

"तुमाले कळत कसं नाही?" बायको म्हणायची. "पोरगी सासरवरून माहेरी जाते तशी जाते तुमची गाडी."

शेवटी हिवाळ्यातल्या एका सकाळी मी गाडी काढली आणि एकटाच साहेबांकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एवढंच मनात होतं, की त्यांनी मला या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेलं बघावं.

साहेब उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी पोर्चमध्ये गाडी उभी केली, उतरलो. ते दचकले नाहीत.

"या," म्हणाले. "आज आपण स्वतः आलात? बरं झालं. मागच्या कार्बुरेटरचं केलंत की नाही?"

"केलं," मी म्हणालो. "साहेब, ही गाडी माझी आहे."

"हो, माहीत आहे ना मला."

"काय माहीत आहे?"

"आपली आहे ते." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "आपल्या मित्रानं पहिल्याच दिवशी सांगितलं. पैसे आपले, हौस आपली. फार सरळ माणूस आहे तो. मी म्हटलं, माझी काही हरकत नाही. आपण गाडी नीट ठेवणार, हे मी त्याच दिवशी ओळखलं होतं. फक्त कागदावर नाव तुमचं राहू द्या, असं त्याला म्हटलं, मी आहे तोवर. पहिलं नाव माझ्या वडिलांचं आहे, दुसरं माझं. तेवढं राखा. त्यानं शब्द दिला."

मी उभाच होतो. शेजारच्या बंगल्यात कुणीतरी पालापाचोळा झाडत होतं.

"गाडीचं आरसी बुक कोण बघणार आहे, साहेब?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "पण मला माहीत असतं ना." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून मायेनं म्हणाले, "आपलं मन दुखू नये म्हणून आम्ही बोललो नाही आपल्यापाशी."

'आम्ही' म्हणाले ते. साहेब आणि माझा मित्र. दोघांनी त्या व्हरांड्यात बसून, कॉफी पीत, माझं मन दुखू नये याची सोय केली होती. साहेबांबद्दल मला नवीन काहीच कळलं नव्हतं. जे कळलं ते त्या एका शब्दात होतं.

"कॉफी घेता?" साहेबांनी विचारलं.

मी नको म्हणालो, गाडी वळवली आणि थेट मित्राच्या घरी गेलो. तो अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता.

"तू त्याले शब्द दिला?" मी विचारलं.

त्याला लगेच कळलं. त्यानं पाण्याचा झारा खाली ठेवला. "तू तिथं कायले गेला गा?"

"दिला का नाही?"

"दिला. मंग? नाहीतर तुले गाडी भेटली असती काय? म्हातारा किती दिवस जगणार आहे? गेला की दुसऱ्या दिवशी तुझ्या नावावर. मी काय खाऊन टाकून राहिलो तुझी गाडी?"

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू घेतली असती?"

नसती घेतली. म्हणूनच तर सांगितलं नव्हतं त्यानं.

"अन् रामटेकला? 'किती वर्षांपासून मनात होतं'?"

तो चिडला. चिडला म्हणण्यापेक्षा दुखावला. "आता साडूसमोर काय सगळी कहाणी सांगू? तू मले असं बोलतो? मले? मी तुझ्या घरी जेवत आलो गा एवढी वर्षं. माझ्या मायच्या नाकावर टिच्चून जेवलो. ते विसरला तू?"

मी विसरलो नव्हतो. पण ते जेवण त्याच्याकडे असं जमा करून ठेवलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या बायकोच्या हातच्या पोळ्या त्यानं खाल्ल्या, आणि उपकार आमच्यावर झाले होते.

"उद्या आरटीओत चल," मी म्हणालो.

तो आला. तेवढा त्याचा सरळपणा मी नाकारत नाही. सगळ्या कागदांवर सह्या केल्या, माझ्याकडे एकदाही न बघता. काही दिवसांनी गाडी माझ्या नावावर झाली. ले-आउटमध्ये मात्र बातमी वेगळीच फिरली. मित्रानं मधे पडून, स्वतःची पत घालून मला दुर्मिळ गाडी मिळवून दिली, आणि मी त्याच्यावरच संशय घेतला, अशी. सकाळच्या फिरण्यात जे आमच्यासोबत असायचे, ते त्याच्यासोबत राहिले. एकानं मला थांबवून सांगितलंही, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. काळ बदलला आता."

मी गाडी चालवायचा प्रयत्न केला. बायको शेजारी बसायची, कोराडीपर्यंत जाऊन यायचो. इंजिन तसंच गोड चालायचं. पण मी जेव्हा जेव्हा दार लावायचो, तेव्हा मला वाटायचं की व्हरांड्यात बसून कुणीतरी ऐकतंय. एकदा कोराडीच्या तलावाजवळ गाडी उभी होती, दोन पोरी तिच्यासोबत फोटो काढत होत्या, आणि बायको एकदम म्हणाली, "विकून टाका. तुमचं तोंड पाहवत नाही मले या गाडीत."

इंदूरहून एक माणूस आला. त्याचा अशा गाड्यांचा संग्रह होता. त्यानं सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासलं, खाली जाऊन आला, डॅशबोर्डचं लाकूड बघून खूश झाला. "बहुत संभाल के रखी है," म्हणाला. माझं आडनाव त्याला कागद भरताना लागलं, तेव्हा त्यानं फक्त स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं. मला एकदम भरून आलं. एवढ्याशा गोष्टीनं भरून यावं, याची लाज वाटली, म्हणून मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो.

गाडी गेल्यानंतरच्या आठवड्यात मित्राचा फोन आला. आरटीओनंतर पहिल्यांदाच.

"विकली म्हणे."

"हो."

"मले विचारलं असतं. मीच घेतली असती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता साहेबांले काय सांगू मी?" तो म्हणाला. "ते दर रविवारी विचारतात गाडीचं."

म्हणजे हा अजून दर रविवारी तिकडे जात होता.

"तुमचं तुम्ही पाहा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बायको कूलरमध्ये पाणी भरत होती. कुणाचा फोन होता ते तिनं विचारलं नाही. नळी माझ्या हातात देऊन ती आत गेली, आणि टाकी भरेपर्यंत मी तिथं उभा राहिलो.